मामाला सांगू नको

ईरम्माला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती कशानं गेली, हे तिच्या नवऱ्याला कळलं ते कलबुर्गीच्या एका दवाखान्यातल्या बाकावर, आणि तेही तेलुगूतून.

कल्लप्पा त्या दिवशी स्वतःच्या छातीसाठी आला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं डाळमिलात काढली. तुरीची भुकटी नाकातोंडात जायची आणि सुटी झाली की वर विडी असायची. फुफ्फुसं कामातून गेली. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणत, घरचे दमा म्हणत. आता अंघोळ स्टुलावर बसून करावी लागे. धोतर नेसून झालं की पळत आल्यासारखी धाप लागे. आणि धापेच्या आधी भीती येई. दार बंद झालं, लाईट गेली, कुणी मोठ्यानं बोललं, की छातीत धडधड सुरू होई आणि मग खरंच श्वास पुरेनासा होई. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही भीतीही आजारच आहे, तिचीही गोळी आहे. घरचे मात्र एवढंच म्हणत, "अप्पा लई भितात."

मागच्या आठवड्यात बीदरला छातीचा स्कॅन झाला होता. तो घेऊन मुलगा गुरुबसव एकटाच डॉक्टरांच्या खोलीत गेला. "अप्पा, तुम्ही बसा, मी बोलून येतो." आपल्याकडं असंच चालतं. ज्याची छाती तो बाहेर बाकावर, आणि ज्याला काही झालेलं नाही तो आत.

गुरुबसव बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तरी तो हसला.

"काही न्हाई अप्पा. छातीत थोडं पाणी वाटायलंय. सुई घालून काढून बघतेत. इंजेक्शनच समजा."

मग तो बायकोकडं, मंजुश्रीकडं वळला आणि तेलुगूत बोलू लागला.

मंजुश्रीचं माहेर तेलंगणातलं, जहीराबादचं. गुरुबसवनं बीदरजवळच्या कोळारच्या कंपनीत लागण्याआधी काही वर्षं हैदराबादला काढली होती. बसवकल्याणच्या त्यांच्या घरात मराठी चाले, बाजारात कन्नड चाले आणि काही लपवायचं असलं की तेलुगू. म्हाताऱ्यांना ते कळत नाही, असं दोघं धरून चालले होते.

कल्लप्पाला तेलुगू चांगलं कळत होतं. डाळमिलातले निम्मे हमाल तांडूरकडचे होते. त्यांच्याबरोबर त्यानं पोती मोजली होती, भांडणं केली होती, भाकरी खाल्ली होती. पण हे त्यानं सुनेला कधी सांगितलं नाही. नवीन लग्न होऊन आलेली पोर आईशी फोनवर बोलते, तिचं तिला काहीतरी असू दे, असं त्याला वाटलं होतं. ती तेलुगूत बोलू लागली की तो उठून अंगणात जाई. कुणाचं चोरून ऐकू नये म्हणून.

त्या दिवशी मात्र त्याला उठवत नव्हतं. जिना चढून आल्याची धाप अजून बसली नव्हती. गुडघ्यांवर हात टेकून, ओठ आवळून तो श्वास सोडत राहिला, आणि सगळं त्याच्या कानावर पडलं.

गाठ आहे. फुफ्फुसात सुई घालून तिचा तुकडा काढायचा आहे. कॅन्सर असू शकतो. आणि फुफ्फुसं इतकी खराब आहेत की सुईनंच काही होऊ शकतं.

"मामकु चेप्पोद्दु," गुरुबसव म्हणाला. मामाला सांगू नको. मंजुश्री सासऱ्याला मामा म्हणे, सासूला आत्या; तिच्याशी बोलताना तोही बापाला मामाच म्हणे.

मंजुश्री म्हणाली, "आत्यांच्या वेळी पण असंच केलं. पोटातला कॅन्सर आपण शेवटपर्यंत सूज म्हणत राहिलो. त्या विचारत होत्या. मला अजून ते आठवतं."

"म्हणून तर मामा दीड वर्ष जगले," गुरुबसव म्हणाला. "तेव्हा त्यांना कळलं असतं तर आईच्या आधी तेच गेले असते."

कल्लप्पाचा श्वास अडकला. छातीवर कुणी पोतं ठेवावं तसं झालं. मंजुश्रीनं धावत पिशवीतला पंप काढून त्याच्या तोंडाला लावला. "मामा, हळू सोडा. हळू. उन्हानं झालं असंल." गुरुबसव पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. दोघंही मनापासून करत होते, आणि कल्लप्पाला त्या दोघांचे हात अंगाला नको झाले होते.

नर्सनं नाव पुकारलं तेव्हा तो म्हणाला, "आज न्हाई. घरी चला."

बसवकल्याणपर्यंत तो गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसला. त्याला ईरम्माचे शेवटचे दिवस आठवत होते, आणि आता ते वेगळेच दिसत होते.

तिचं पोट फुगत चाललं होतं. हातपाय काटकुळे झाले होते. गुरुबसवनं सांगितलं होतं, लिव्हरला सूज आहे, औषधानं उतरेल. कल्लप्पानं ते खरं मानलं. मुलगा शिकलेला, मुलगा डॉक्टरांशी बोललेला. दोन्ही म्हातारी एकाच खोलीत असत, एका भिंतीला त्याचं ऑक्सिजनचं मशीन, दुसऱ्या भिंतीला तिची खाट. एके दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ईरम्मानं विचारलं होतं, "ही सगळी माझ्यापासून काहीतरी लपवायलेत. तुम्ही तरी खरं सांगा. मला काय झालंय?"

"सूज हाय. उतरंल," कल्लप्पा म्हणाला होता.

ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीबी." आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर तिनं त्याला आजाराबद्दल काही विचारलं नाही. दुसरंही फारसं काही बोलली नाही. जेवण विचारलं तर मान हलवायची. तशीच एके सकाळी गेली.

तिनं तोंड का फिरवलं, हे कोडं कल्लप्पानं दीड वर्ष वागवलं होतं. दुखण्यानं चिडली असेल, असं मनाला समजावलं होतं. आता ते उलगडलं. ईरम्माला वाटलं होतं, नवऱ्यालाही सगळं माहीत आहे. सगळ्या जगानं फसवलं आणि नवराही त्यांना सामील झाला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, हे तिला कुठं माहीत होतं?

पोरांनी त्याला खोटं सांगितलं, एवढंच झालं नव्हतं. त्याच्या तोंडून बायकोला खोटं बोलवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मादन हिप्परग्याहून सिद्धव्वा आली. ही कल्लप्पाची थोरली बहीण. वय झालं तरी आवाज असा की दारातून बोलली की गल्लीला कळावं. गुरुबसवनंच तिला फोन करून बोलावलं होतं, अप्पाला तेवढं तयार करा म्हणून.

"काय रे कल्ल्या," पदरानं तोंड पुसत ती खाटेवर बसली. "सुईला भ्यालास म्हणं. लहानपणी देवी टोचायला माणूस आला तर कणगीत जाऊन बसला व्हतास. अजून तसाच हायस."

"सुई कशाची हाय अक्का?"

"पाण्याची. दुसरं कशाची?"

"बरं. आणि ईरम्माला काय झालतं?"

सिद्धव्वानं पानाचा डबा उघडला. "आता ते कामून काढायलास? लिव्हरला सूज आलती. तुला ठावं न्हाई व्हय?"

गुरुबसव दारात उभा होता. मंजुश्री चहा घेऊन आली होती. कल्लप्पानं सुनेकडं बघितलं आणि शांतपणे, हमालांकडून शिकलेल्या तेलुगूत म्हणाला, "चेप्पोद्दु. मामाला सांगू नको. व्हय ना, मंजुश्री?"

मंजुश्रीनं चहा खाली ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

"मामा, तुम्हाला येतं?"

"तू घरात यायच्या आधीपासून येतं. तू बोलायला लागली की मी बाहेर जायचो. पोरीचं चोरून ऐकू नये म्हणून जायचो."

मग गुरुबसव आत आला. "अप्पा, तुमच्या भल्यासाठीच केलं. तुमची तब्येत तुम्हाला माहीत न्हाई का? लाईट गेली तरी तुम्हाला दम लागतो. तुम्हाला काय म्हणून सांगायचं होतं?"

"मला न सांगता दम लागला न्हाई का कधी?" कल्लप्पा म्हणाला. एकेक वाक्य संपलं की तो थांबत होता. "अरे, लाईट गेली की मी भितो. कामून? काय झालं ते दिसत न्हाई म्हणून. तुम्ही तर माझी लाईट कायमचीच काढून ठेवली."

"सांगून आई वाचली असती का?"

"न्हाई वाचली असती. पण तिनं मला विचारलं व्हतं. मी म्हणलो सूज हाय. ती म्हणाली, तुम्हीबी." त्याला धाप लागली. मंजुश्री पंप घेऊन उठली, त्यानं हातानंच थांब म्हटलं. ओठ आवळून श्वास सोडला, परत घेतला. "ती मला खोटारडा समजून गेली, गुरु. इतकी वर्षं संसार केला, आणि जाताना तिनं मला तुमच्यात धरलं. हे कुणाच्या भल्यासाठी झालं, तेवढं सांग."

गुरुबसवनं सिद्धव्वाकडं बघितलं. नेहमी तीच वेळ निभावून न्यायची.

सिद्धव्वानं पान न खाताच डबा मिटला. "मलाबी इचारलं व्हतं तिनं," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक कुणी ऐकला नव्हता. "मी म्हणलं, ईरम्मा, श्रावणात तुला माझ्या गावाला नेते, बरी झालीस की. तर म्हणाली, अक्का, श्रावणाचं सोडा, माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या तेवढं मला बोलू द्या. मी म्हणलं, गप, असलं अभद्र बोलू नगं."

तिनं डबा बाजूला सारला.

"आपल्याला वाटतं, माणसाला सांगितलं तर त्याचा धीर सुटंल. पण मरणाऱ्याला मरण आधीच कळलेलं असतंय, गुरुबसव. आपण फक्त त्याच्याशी त्यावर बोलणारं माणूस काढून घेतो. तिला दुखणं एकटीनं काढावं लागलं, घर भरलेलं असून. धीर कुणाचा सुटला व्हता? तिचा न्हाई. आपला. आपल्याला तिच्या डोळ्यांत बघून सांगायची हिंमत न्हवती, आणि आपण नाव तिचं केलं." मग भावाकडं वळून म्हणाली, "कल्ल्या, पाण्याची सुई न्हाई ती. मीबी आता खोटंच बोलले."

"ठावं हाय मला," कल्लप्पा म्हणाला. "ती सुई घ्यायची का न्हाई, ते मी ठरवीन. पण आधी मला आत बसायचंय. गुरु बाहेर बसंल, न्हाईतर माझ्या शेजारी. माझ्या माघारी न्हाई."

चार दिवसांनी ते परत कलबुर्गीला गेले. या वेळी कल्लप्पा आत गेला. छातीच्या डॉक्टर भुवनेश्वरी मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी गुरुबसवकडं बघून कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली. कल्लप्पा म्हणाला, "डॉक्टर, कन्नड कळतं मला, मराठी कळतं, तेलुगूबी कळतं. कशातबी सांगा, पण माझ्याकडं बघून सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "खरं आहे काका. त्या दिवशी तुम्ही बाहेर असताना मी तुमच्या मुलाला सांगितलं. तसं करायला नको होतं. सगळेच नातेवाईक तसं सांगतात, आणि आम्हीही ऐकतो." मग त्यांनी काचेवर फोटो लावला आणि बोटानं दाखवलं. वरच्या बाजूला, तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा, पांढरा डाग होता.

"हे काय आहे ते तुकडा काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. कॅन्सर असण्याची शक्यता बरीच आहे. स्कॅनमध्ये बघत बघत बरगड्यांमधून बारीक सुई घालायची. जागा बधिर करतो, पण तुम्ही जागे असाल. तुमची फुफ्फुसं जुन्या फुग्यासारखी झालीत. सुई टोचली की हवा गळू शकते. गळली तर नळी घालून काढावी लागते, दवाखान्यात राहावं लागतं. क्वचित जिवावरही बेततं."

गुरुबसवनं मान खाली घातली. कल्लप्पाचं हृदय धडधडू लागलं होतं. पण श्वास चालू होता.

"आणि न्हाई केलं तर?"

"तोही एक रस्ता आहे. तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. वाढलं तर कळेल, पण तेव्हा उपाय कमी उरतील. तुम्ही आज नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही, औषधं चालूच राहतील."

"मला भीती वाटती, डॉक्टर. आडवं पडलं की वाटतं गेलोच."

"सरळ आडवं करणार नाही. कुशीवर, पाठीला उशा देऊन. आधी पंप, आधी भीतीची गोळी. आणि आणखी काय केलं तर बरं वाटेल?"

कल्लप्पानं विचार केला. "सांगत राहा. काय करायलाव ते करायच्या आधी सांगा. न सांगता हात लावू नका."

"एवढं नक्की," डॉक्टर म्हणाल्या.

त्यानं होकार दिला. सुई घालताना श्वास धरावा लागणार होता, म्हणून घरी जाऊन तो अंगणात बसून त्याचा सराव करू लागला. मंजुश्री समोर बसून बोटं मोजी. "मामा, आज एक बोट जास्त झालं." तो म्हणे, "तू हळू मोजायलीस." ती हसली की त्यालाही थोडं हसू येई. पण तेलुगूत ती आता त्याच्यासमोर आईशीसुद्धा बोलत नसे, आणि ते बघून त्याला वाईटही वाटे.

तपासणीच्या दिवशी स्कॅनच्या खोलीत गार होतं. कल्लप्पा कुशीवर पडला होता आणि पाठीमागून डॉक्टरांचा आवाज येत होता. "काका, आता गार लागेल, औषध लावते. आता टोचेल. आता श्वास धरा. धरा. सोडा." भीती आली. नेहमीसारखीच आली, पण या वेळी पुढं काय होणार ते त्याला माहीत होतं, म्हणून ती छातीवर बसली नाही, शेजारी उभी राहिली. काचेपलीकडं गुरुबसव रडत होता. आत कुणाचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

थोडी हवा गळली. डॉक्टरांनी कल्लप्पालाच पहिल्यांदा सांगितलं, "काका, गळली. पण थोडी आहे. बहुतेक नळी लागणार नाही, दोन दिवस इथं राहा." नळी लागली नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला तो गुरुबसवच्या मोबाईलवर. तो ओसरीवर होता. "हां डॉक्टर," तो म्हणाला, आणि पलीकडून काही ऐकायच्या आतच म्हणाला, "एक मिनिट, अप्पांना देतो." त्यानं फोन बापाच्या हातात दिला, स्पीकर लावला आणि जमिनीवर बसला.

कॅन्सर होता. लहान होता. अशा फुफ्फुसांवर ऑपरेशन होणार नव्हतं, पण किरणांनी जाळता येईल, त्यासाठी हैदराबादला जावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. कल्लप्पानं तीन-चार प्रश्न विचारले. फोन ठेवला. पंप घेतला. मग म्हणाला, "गुरु, हैदराबादला तुझ्या ओळखीचं कोण हाय? तिथं मी बोलीन, तेलुगूत."

गुरुबसव म्हणाला, "अप्पा, चुकलं माझं. आईचंबी चुकलं, तुमचंबी."

"चुकलं," कल्लप्पा म्हणाला. तो मुलाला जवळ घेऊन ठीक आहे म्हणाला नाही, कारण ठीक नव्हतं. पण त्यानं मुलाला उठून जाऊही दिलं नाही.

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांत आज कुणीतरी असं बाकावर बाहेर बसलं आहे? आपण माया म्हणून लपवतो, त्यात खोट नसते. पण शरीर ज्याचं, आजार ज्याचा, बातमीही त्याचीच. ती कशी सांगायची, किती सांगायची, हे डॉक्टरांना विचारा, हळू सांगा, हात धरून सांगा. ऐकायचं नाही असं तो स्वतः म्हणाला, तर तेही माना. पण त्याला न विचारता त्याच्या जागी आपण ठरवू नका. आजारी माणूस आजारानं जातो. त्याला फसवून एकटं पाडायचं काम आजार करत नाही, ते आपण करतो.

हैदराबादची तारीख मिळाली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी कल्लप्पा मुलाचा हात धरून शेतात गेला, जिथं ईरम्माला माती दिली आहे तिथं. वाटेत चार वेळा थांबावं लागलं. सिद्धव्वाच्या सांगण्यावरून मंजुश्रीनं फुलं दिली होती, ती त्यानं ठेवली. "बोला ना अप्पा, तिला सांगा," गुरुबसव म्हणाला.

कल्लप्पा काही बोलला नाही. विचारणारं माणूस समोर असताना त्याच्याजवळ खरं उत्तर नव्हतं. आता उत्तर आहे आणि विचारणारं माणूस नाही.

आपल्याला माहीत नव्हतं, हे ईरम्माला सांगायचं राहिलं.